ड्रामा थेरपी: संघटना, नोंदणी आणि मानकं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रामा थेरपीबद्दल विचारणारे लोक दोन बाजूंनी येतात. एका बाजूला नाटकवाले, ज्यांना हे काम शिकायचंय. दुसऱ्या बाजूला पालक, शिक्षक, समुपदेशक, ज्यांना मुलासाठी किंवा संस्थेसाठी कुणीतरी भरवशाचं माणूस हवंय. प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण खोदत गेलं की बहुतेक एकाच जागी येऊन थांबतात: या माणसाला हे करायचा अधिकार कुणी दिला आणि काही बिनसलं तर जाब कुणाला विचारायचा? खालची उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

ड्रामा थेरपी आणि नाट्यशिबिर यात फरक काय? दोन्हीकडे खेळ, नाट्यछटा, भूमिका असतातच की.

साधनं तीच असतात, करार वेगळा असतो. शिबिरात येणारा नाटक शिकायला येतो. त्याला मोकळं वाटलं, आत्मविश्वास वाढला, तर तो जोडफायदा. थेरपीत येणारा स्वतःचा काही त्रास घेऊन येतो. नाटक त्या त्रासापर्यंत पोचायची वाट असते. तिथे आधी मुलाखत होते, उद्दिष्टं ठरतात, नोंदी ठेवल्या जातात, गुप्ततेची हमी असते आणि प्रक्रियेची जबाबदारी एका प्रशिक्षित माणसावर असते.

पुण्यात 1986 पासून थिएटर अकादमीने डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने ग्रिप्सची नाटकं केली. मुलांचे खरे प्रश्न मुलांच्या नजरेतून मांडणारं हे जर्मन वळणाचं बालनाट्य. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, त्यामुळे "म्हणजे ती ड्रामा थेरपीच होती ना?" असं कुणीतरी हमखास विचारतं. नव्हती. ते चांगलं बालनाट्य होतं आणि त्याला दुसऱ्या कुठल्या पदवीची गरज नाही. प्रेक्षागृहात बसलेलं मूल कुणाचं पेशंट नसतं.

या क्षेत्रातल्या मुख्य संघटना कोणत्या?

ब्रिटनमध्ये पीटर स्लेड यांनी मुलांच्या नाट्यखेळावर काम केलं, पुढे सू जेनिंग्ज आणि त्यांच्या पिढीतल्या इतरांनी ते रुग्णालयांत, विशेष शाळांत नेलं. त्यातून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश असोसिएशन ऑफ ड्रामाथेरपिस्ट्स उभी राहिली. अमेरिकेत 1979 मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर ड्रामा थेरपी स्थापन झाली. कॅनडातली मंडळीही त्यात होतीच, म्हणून 2012 मध्ये नाव बदलून नॉर्थ अमेरिकन ड्रामा थेरपी असोसिएशन केलं गेलं. युरोपातल्या राष्ट्रीय संघटनांना एकत्र आणणारी युरोपियन फेडरेशन ऑफ ड्रामाथेरपी 2013 ची. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आशिया मिळून एक संघटना आहे, तिचं लघुनाव अँझकाटा. तिच्यात चित्र, नृत्य, नाट्य अशा सगळ्या सर्जनशील कलांचे थेरपिस्ट येतात.

अमेरिकन संघटनेच्या जन्माशी गर्ट्रूड शॅटनर यांचं नाव जोडलेलं आहे आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार ती संघटना आजही देते. शॅटनर व्हिएन्नाच्या अभिनेत्री. नाझींमुळे देश सोडून स्वित्झर्लंडला गेल्या आणि तिथे छळछावण्यांतून वाचलेल्या लोकांबरोबर नाटकाच्या माध्यमातून काम करू लागल्या. हे सांगायचं कारण असं की संघटना, परीक्षा, नियमावल्या हे सगळं नंतर आलं. आधी काम आलं. काम वाढल्यावर "हे कुणीही करावं का?" हा प्रश्न पडला आणि त्यातून संघटना आल्या. आपल्याकडे आज आपण त्याच टप्प्यावर आहोत.

संघटनेचं सदस्यत्व, संघटनेचं प्रमाणपत्र आणि सरकारी नोंदणी, हे सगळं एकच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

सदस्यत्व म्हणजे वर्गणी भरून संघटनेत सामील होणं. बऱ्याच संघटनांत विद्यार्थी, हितचिंतक, अगदी दुसऱ्या क्षेत्रातली माणसंही सदस्य होऊ शकतात. तेव्हा एखाद्याच्या माहितीपत्रकावर अमुक आंतरराष्ट्रीय संघटनेचे सदस्य असं छापलेलं दिसलं तर त्यातून एवढंच कळतं की वर्गणी भरलेली आहे. कुठल्या श्रेणीचे सदस्य, हे विचारावं लागतं.

प्रमाणपत्र किंवा व्यावसायिक पद म्हणजे संघटनेने शिक्षण, देखरेखीखालचे तास आणि अनुभव तपासून दिलेली मान्यता. यात वजन आहे. पण संघटना ही शेवटी व्यवसायातल्याच लोकांची. ती जास्तीत जास्त पद काढून घेऊ शकते. माणसाला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाने दुकान उघडण्यापासून अडवू शकत नाही.

सरकारी नोंदणीमागे कायदा असतो. नाव नोंदवहीतून उतरलं की ते पदनाम लावून काम करणं हाच गुन्हा ठरतो. ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट आणि आरटीओचं लायसन्स यांत जो फरक, तोच इथे. स्कूल कितीही उत्तम असो, पोलिसाने गाडी अडवल्यावर ते सर्टिफिकेट दाखवून भागत नाही.

जगातल्या बहुतेक देशांत ड्रामा थेरपीला तिसरी पायरी नाहीच. जिथे आहे तिथलं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे.

ब्रिटनमध्ये ही नोंदणी कशी चालते?

1997 मध्ये चित्र, संगीत आणि नाट्य या तिन्ही थेरपींना तिथल्या राज्य नियमनाच्या चौकटीत आणलं गेलं. आज ते काम हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसी, बघते. ही परिषद एकूण 15 व्यवसायांची नोंदणी ठेवते. फिजिओथेरपिस्ट, पॅरामेडिक, आहारतज्ज्ञ यांच्याच रांगेत ड्रामाथेरपिस्ट येतात. 'ड्रामाथेरपिस्ट' हे संरक्षित पदनाम आहे. नोंदणी नसताना ते स्वतःला लावलं तर कारवाई होते.

गंमत म्हणजे नृत्य-हालचाल थेरपी या यादीत नाही. काम तितकंच गंभीर, प्रशिक्षणही तोडीचं, पण कायद्याच्या यादीत नाव नाही. म्हणजे नोंदणी नसणं आणि दर्जा नसणं या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे ब्रिटनमध्येसुद्धा ध्यानात ठेवावं लागतं.

एचसीपीसीची मानकं चार थरांत आहेत. पहिला थर शिक्षणसंस्थांसाठी: कोणता अभ्यासक्रम मान्य करायचा, तिथे प्रत्यक्ष कामाचा अनुभव कसा द्यायचा. ड्रामाथेरपिस्टसाठी हा अभ्यासक्रम पदव्युत्तर पातळीचा लागतो. दुसरा थर प्रावीण्याचा: नोंदणी होताना माणसाला काय काय यायला हवं, कला-थेरपिस्टांसाठीची ही मानकं 2023 च्या सप्टेंबरपासून सुधारित स्वरूपात लागू आहेत. तिसरा थर आचरण आणि नीतीचा. त्यात 10 मुख्य कलमं आहेत आणि ती सगळ्या 15 व्यवसायांना सारखीच: आपल्या मर्यादेत राहून काम करा, गुप्तता पाळा, धोका ओळखा, चूक झाली तर ती लपवू नका, नोंदी ठेवा, वगैरे. चौथा थर म्हणजे सतत शिकत राहण्याचा. दर दोन वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण होतं आणि त्या वेळी व्यवसायातल्या 2.5 टक्के लोकांची चिठ्ठी पडावी तशी निवड होऊन त्यांच्या शिक्षणाच्या नोंदी तपासल्या जातात. आपला नंबर कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून सगळेच फाइल नीट ठेवतात.

नोंदवही सार्वजनिक आहे. नाव टाइप केलं की माणूस नोंदणीकृत आहे की नाही ते घरबसल्या दिसतं. तक्रार कुणीही करू शकतं; पेशंटच असायला हवं असं नाही. तक्रारीत तथ्य आढळलं तर समिती ताकीद देऊ शकते, अटी घालू शकते, काही काळासाठी नोंदणी स्थगित करू शकते किंवा नाव कायमचं काढून टाकू शकते.

मग ब्रिटिश असोसिएशनचं काम काय उरलं? बरंच. व्यवसायाची बाजू मांडणं, संशोधन आणि नियतकालिक चालवणं, सुपरव्हिजनबाबत, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीबाबत, मार्गदर्शन करणं, सदस्यांना आधार देणं. परिषद जनतेचं रक्षण करते, संघटना व्यवसायाचं. ही दोन कामं एकाच टेबलावर ठेवली की पहिल्याचा बळी जातो, असं माझं मत आहे.

अमेरिकेत आणि कॅनडात काय पद्धत आहे?

अमेरिकन संघटनेचं पद 'रजिस्टर्ड ड्रामा थेरपिस्ट', थोडक्यात आरडीटी. त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते, मानसशास्त्र आणि ड्रामा थेरपीचे ठरावीक विषय लागतात, देखरेखीखालची इंटर्नशिप आणि त्यानंतरचा कामाचा अनुभव लागतो. नाटकवाल्यांनी लक्षात घ्यावी अशी अट म्हणजे रंगभूमीवरचा अनुभवही मागितला जातो. म्हणजे नुसता मानसशास्त्रज्ञ चालत नाही आणि नुसता नटही चालत नाही.

संघटनेने मान्य केलेले पदव्युत्तर अभ्यासक्रम मोजकेच आहेत. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, सॅन फ्रान्सिस्कोची कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रल स्टडीज आणि माँट्रियलची कॉन्कॉर्डिया ही त्यातली जुनी नावं. ज्यांच्याकडे आधीच दुसरी संबंधित पदवी आहे त्यांच्यासाठी मार्गदर्शकाच्या हाताखाली टप्प्याटप्प्याने शिकायची पर्यायी वाटही आहे.

पण आरडीटी हे संघटनेचं पद, सरकारी परवाना नव्हे. परवाने राज्यागणिक वेगळे. न्यूयॉर्क राज्यात 'लायसन्स्ड क्रिएटिव्ह आर्ट्स थेरपिस्ट' असा स्वतंत्र परवाना आहे आणि ड्रामा थेरपिस्ट त्यात बसतात; पदवीनंतर देखरेखीखाली 1,500 तास काम केल्यावर तो मिळतो. बहुतेक राज्यांत असं काही नाही, म्हणून तिथले ड्रामा थेरपिस्ट समुपदेशक किंवा विवाह-कुटुंब थेरपिस्ट म्हणून परवाना काढतात आणि त्या छत्राखाली ड्रामा थेरपी करतात. कॅनडात ऑन्टारिओसारख्या प्रांतात मानसोपचार करणाऱ्यांची स्वतंत्र नियामक संस्था आहे, कला-थेरपिस्ट तिथे नोंदणी करू शकतात.

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांसाठी एक ओळ: तिथे कला-थेरपिस्ट सरकारी आरोग्य नोंदणीत येत नाहीत, त्यामुळे अँझकाटासारख्या संघटनेचं व्यावसायिक सदस्यत्व हाच मुख्य पुरावा धरला जातो.

सायकोड्रामा हे याच संघटनांखाली येतं का?

नाही. जेकब मोरेनो यांनी व्हिएन्नात सुरुवात करून अमेरिकेत वाढवलेली ती स्वतंत्र परंपरा आहे. तिची अमेरिकन संघटना 1942 ची, म्हणजे ड्रामा थेरपीच्या संघटनांपेक्षा कितीतरी जुनी. परीक्षा वेगळ्या, पदं वेगळी. ढोबळ फरक असा की सायकोड्रामात माणूस सहसा स्वतःच्याच आयुष्यातला प्रसंग थेट उभा करतो. ड्रामा थेरपी गोष्ट, बाहुली, मुखवटा, कल्पित पात्र असा आडवळणाचा रस्ताही घेते. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल यांचा पीडितांचा रंगमंच (थिएटर ऑफ द ऑप्रेस्ड) किंवा 1975 मध्ये न्यूयॉर्क राज्यात सुरू झालेलं, प्रेक्षकाने सांगितलेला अनुभव नटांनी तिथल्या तिथे करून दाखवायचं प्लेबॅक थिएटर यांच्याही आपापल्या शिक्षणपद्धती आहेत. प्लेबॅकचं शिबिर केलेला माणूस त्यामुळे ड्रामा थेरपिस्ट होत नाही. चांगले प्लेबॅकवाले हे स्वतःच सांगतात.

भारतात ड्रामा थेरपिस्टची नोंदणी कुठे होते?

आज तरी 'ड्रामा थेरपिस्ट' या नावाने कुठेच नाही. मात्र तीन कायदे माहीत असायला हवेत.

पहिला, भारतीय पुनर्वास परिषदेचा 1992 चा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी याखाली होते.

दुसरा, मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017. 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कोण, याची त्यात व्याख्या आहे: मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर, मानसिक आरोग्यातल्या परिचारिका आणि आयुष पद्धतींतले ठरावीक पदव्युत्तर डॉक्टर. ड्रामा थेरपिस्ट त्यात नाही.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा: संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा 2021 चा कायदा. आजवर नियमनाबाहेर असलेल्या कितीतरी व्यवसायांना याने अनुसूचीत जागा दिली. त्यात मूव्हमेंट थेरपिस्ट असा एक प्रकार आहे आणि त्याच्या पोटात आर्ट, डान्स अँड मूव्हमेंट किंवा रिक्रिएशनल थेरपिस्ट धरले आहेत. नाटकाचा उल्लेख नाही. कलेच्या पोटात नाटक बसवता येईल असं काहींचं म्हणणं असतं आणि ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पण अनुसूचीत स्पष्ट नाव नसताना "आम्ही सरकारमान्य ड्रामा थेरपिस्ट" असं कुणी म्हणत असेल तर कागद मागावा.

नृत्य-हालचालवाले या बाबतीत आपल्या पुढे आहेत. त्यांची भारतीय संघटना, क्रिएटिव्ह मूव्हमेंट थेरपी असोसिएशन ऑफ इंडिया, 2014 पासून आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने कोलकाता संवेद या संस्थेबरोबर त्यांच्यासाठी पदविका चालवली. नाटकाची एवढी मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्रात नाट्योपचारासाठी तोलामोलाचं काही उभं राहू नये, याचं वाईट वाटतं.

म्हणजे भारतात ड्रामा थेरपी करणं बेकायदा आहे?

नाही. पदनाम संरक्षित नाही, म्हणून लावायला मनाई नाही. अधिकार नसताना आजाराचं निदान करणं, औषध सुचवणं, औषध बंद करायला सांगणं, हे मात्र हद्दीबाहेरचं. "गोळ्यांची गरज नाही, नाटकाने होईल" असं कुणी म्हटलं तर तिथून उठून यावं.

भारतात काम करणारे चांगले लोक सहसा दोन पायांवर उभे असतात: एक पाय मानसशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या पदवीवर, दुसरा परदेशातून किंवा दीर्घ प्रशिक्षणातून मिळवलेल्या ड्रामा थेरपीच्या शिक्षणावर.

ही मानकं प्रत्यक्ष सत्रात कुठे दिसतात? कागदावर सगळेच चांगले असतात.

भूमिकेतून बाहेर काढताना दिसतात. तिथे पाहावं.

समजा गटात एक बाई आहे. वारलेल्या सासूशी तिचं काही बोलायचं राहून गेलंय. थेरपिस्ट समोर रिकामी खुर्ची ठेवतो, तिच्यावर एक शाल टाकतो. बाई बोलते. मग ती उठून त्या खुर्चीत बसते, शाल खांद्यावर घेते आणि सासूच्या आवाजात स्वतःला उत्तर देते. आवाज बदलतो, मान ताठ होते, पदर सारखा करायची लकबसुद्धा सासूची येते. खोलीतले सगळे गप्प होतात. नाट्यशिबिरात इथे टाळ्या पडतात आणि चहाची वेळ होते.

प्रशिक्षित माणूस इथे थांबत नाही. शाल तिच्याच हातांनी काढायला लावतो, घडी करून बाजूला ठेवायला लावतो. खुर्ची पुन्हा साधी खुर्ची म्हणून भिंतीला लावली जाते. "मी त्यांची भूमिका केली, मी त्या नाही, मी अमुक," असं ती स्वतःचं नाव घेऊन म्हणते. हातपाय झटकते. मग अगदी साधे प्रश्न: इथून घरी कशाने जाणार, रिक्षाने की बसने? घरी कोण आहे? आज जेवायला काय? आणि गटातल्या ज्या दुसऱ्या कुणी तिच्या नवऱ्याची भूमिका केली असेल त्यालाही हेच सगळं करावं लागतं, कारण दुसऱ्याच्या घरातला रागीट नवरा अंगात घेऊन कुणी आपल्या घरी जाऊ नये. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून तो आधीच राखून ठेवलेला असतो. दीड तासाच्या सत्रात शेवटच्या पाच मिनिटांत रडू फुटेल असं काही उघडायचं नाही, ही शिस्त पुस्तकापेक्षा सुपरव्हिजनमध्येच अंगी बाणते.

सुपरव्हिजन म्हणजे काय, असं लगेच विचारलं जातं. थेरपिस्ट नियमितपणे आपल्याहून अनुभवी थेरपिस्टसमोर बसून आपल्या केसेस मांडतो: कुठे अडलं, कुठे मीच भारावून गेलो, कुठे या पेशंटमध्ये मला माझी आई दिसायला लागली. ब्रिटिश प्रशिक्षणात विद्यार्थ्याला स्वतःही थेरपी घ्यावी लागते. ज्याला सुपरवायझर नाही त्याच्याकडे पदवी कुठलीही असो, मी माझं माणूस पाठवणार नाही.

शेवटी प्रयोग होतो का? नातेवाइकांना बघायला येता येईल?

सहसा नाही. थेरपीतून प्रयोग उभा करण्याची एक शाखा आहे, पण तिथे सहभागींनी पूर्ण समजून दिलेली संमती, आधीची तयारी आणि प्रयोगानंतरचा आधार हे सगळं लागतं. "स्नेहसंमेलनात दहा मिनिटं काहीतरी करून दाखवा" ही संस्थाचालकांची मागणी मात्र साफ नाकारावी.

फोटोंचंही तेच. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 23 गुप्ततेचा हक्क देतं आणि उपचार केंद्रात उपचार घेत असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांकडे देण्यास कलम 24 मनाई करतं. वर्तुळात बसलेल्या, डोळे पुसणाऱ्या पेशंटचे इन्स्टाग्रामवरचे फोटो पाहिले की त्या थेरपिस्टचं प्रशिक्षण किती झालंय ते वेगळं विचारावं लागत नाही. चेहरा धूसर केला तरी गावातल्या माणसाला गावातली साडी ओळखू येते.

मुलांबरोबर काम करणाऱ्यासाठी आणखी काय नियम?

पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही. आणि पॉक्सो कायदा, 2012. मूल बाहुल्यांच्या खेळातून लैंगिक अत्याचाराचं काही सांगून गेलं, तर ते "थेरपीतलं गुपित" म्हणून पोटात ठेवता येत नाही. कलम 19 प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. त्याचबरोबर, खेळातला लांडगा म्हणजे घरातला काका असं परस्पर ठरवून मुलाला खोदून खोदून विचारणंही चूक. गुप्ततेला असलेला हा अपवाद पहिल्याच भेटीत पालकांना आणि मुलाला, त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत, सांगून ठेवायचा असतो.

मी पंधरा वर्षं नाटक करतोय. राज्य नाट्य स्पर्धा, करंडक सगळं झालंय. मला थेट सुरू करता येईल?

नाटकाची शिबिरं जरूर सुरू करा, आणि त्यांना शिबिरंच म्हणा. थेरपीसाठी दुसरी बाजू भरून काढावी लागेल: मानसशास्त्राचं पायाभूत शिक्षण, मनोविकारांची ओळख, देखरेखीखालचं काम. तुमची पंधरा वर्षं वाया जात नाहीत. नटाला समोरच्याचा श्वास कुठे अडला ते कळतं, आणि हे कुठल्या वर्गात शिकवता येत नाही. पण दिग्दर्शकाची एक सवय आड येते. प्रसंग रंगतोय म्हटलं की दिग्दर्शक तो आणखी ताणतो. थेरपिस्टला रंगणारा प्रसंग वेळेवर सोडून देता यायला लागतो.

तुम्हाला आत्ताच या क्षेत्रात पाऊल टाकायचं असेल तर पात्रता असलेल्या थेरपिस्टबरोबर सहायक म्हणून काम करणं ही सगळ्यात चांगली सुरुवात.

आठ दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून 'सर्टिफाइड ड्रामा थेरपिस्ट' होता येतं का?

सर्टिफिकेट येतं. थेरपिस्ट होता येत नाही. शिक्षकांना, समुपदेशकांना ओळख म्हणून असे छोटे कोर्स उपयोगी पडतात, पण ते चालवणाऱ्यांनी कोर्सच्या नावातच ते स्पष्ट लिहायला हवं. प्रत्यक्ष माणसांबरोबर देखरेखीखाली किती तास काम करायला मिळणार, एवढं एकच विचारा. उत्तर 'शून्य' असेल तर पुढचं माहितीपत्रक वाचायची गरज नाही.

नाटकाने बरं वाटतं हे भरतमुनींनीच सांगितलंय. मग ही परदेशी मानकं कशाला?

नाट्यशास्त्रात दुःखी, थकलेल्या, शोकात बुडालेल्या माणसाला नाट्य विसावा देईल असं म्हटलंय, हे खरं. पण ते प्रेक्षकाबद्दल आहे. मानकं आली ती बंद खोलीतल्या त्या माणसासाठी, ज्याने स्वतःला उघडं केलंय आणि ज्याचं आता थेरपिस्टच्या हातात काहीतरी आहे. त्याला ग्रंथप्रामाण्य पुरत नाही.

याने फरक पडतो असं सिद्ध झालंय का?

काही बाबतींत आशादायक, बऱ्याच बाबतींत अपुरं. स्किझोफ्रेनियासाठी ड्रामा थेरपीच्या चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने 2007 मध्ये आढावा घेतला, तेव्हा चाचण्या इतक्या थोड्या आणि लहान होत्या की कुठल्याच बाजूने ठाम काही म्हणता आलं नाही. तरी ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस या संस्थेच्या 2014 च्या मार्गदर्शिकेत मनोविकृतीच्या पेशंटना, विशेषतः उदासीनता, अबोलपणा अशी लक्षणं असतील तर, कला-थेरपींचा विचार करावा असं सुचवलंय. ती कुणी द्यावी हेही तिथेच लिहिलंय: एचसीपीसीकडे नोंदणी असलेल्या, अशा पेशंटबरोबर काम केलेल्या कला-थेरपिस्टने. उपचाराची शिफारस आणि नोंदणीची अट एकाच मार्गदर्शिकेत येते.

म्हणून "शंभर टक्के गुण" म्हणणाऱ्यापेक्षा "सहा सत्रांनंतर आपण दोघं मिळून आढावा घेऊ" म्हणणारा बरा.

पहिल्या भेटीत थेरपिस्टला काय विचारू? उद्धट वाटणार नाही ना?

अजिबात नाही, आणि ज्याला उद्धट वाटेल त्याच्याकडे जाऊ नका. शिक्षण कुठे झालं, देखरेखीखाली किती काम केलं, आत्ता सुपरवायझर आहे का, माझ्यासारख्या त्रासाच्या लोकांबरोबर काम केलंय का, हे विचारा. माझ्या मनोविकारतज्ज्ञांशी बोलायची गरज पडली तर बोलाल का, हेही. नोंदी कुठे राहतात आणि कोण वाचतं ते विचारा. शेवटचा प्रश्न टाळू नका: तुमच्याबद्दल तक्रार असेल तर मी कुणाकडे जायचं? या प्रश्नावर जो गडबडत नाही आणि एखादं नाव, पत्ता, संस्था सांगतो, त्याने या कामाचा विचार केलेला असतो.

आणि खरंच तक्रार करायची वेळ आली तर?

आधी थेरपिस्टशी किंवा त्याच्या संस्थेशी लेखी बोला, तारखा टिपून ठेवा. तो क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणूनही नोंदणीकृत असेल तर पुनर्वास परिषदेकडे जाता येतं. प्रकार मानसिक आरोग्य केंद्रात घडला असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. छेडछाड, अत्याचार, धमकी असेल तर थेट पोलीस. तिथे संघटनेच्या नीतिसमितीची वाट बघत बसायचं नाही. परदेशी संघटनेचं पद लावणाऱ्याबद्दल त्या संघटनेच्या नीतिसमितीला ईमेल करता येतो, भारतातूनसुद्धा.

लंडनमधल्या मराठी ड्रामाथेरपिस्टकडून मी नाशिकहून ऑनलाइन सत्रं घेतली तर कुठले नियम लागू?

एचसीपीसीची आचरणाची मानकं नोंदणीकृत माणसाबरोबर जातात, पेशंट कुठे बसलाय यावर ती संपत नाहीत. तक्रारही तिथे करता येते. अमेरिकेत उलट: परवाना राज्याचा असतो आणि पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथला नियम सहसा आधी पाहिला जातो, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाने न्यूयॉर्कच्या थेरपिस्टला हे आधीच विचारून घ्यावं. दोन्ही बाबतीत थेरपिस्टकडे तुमच्या शहरातल्या एका जवळच्या माणसाचा फोन नंबर आणि जवळच्या रुग्णालयाचं नाव लिहून ठेवलेलं असायला हवं. सत्र चालू असताना पडद्यावरचा माणूस अचानक उठून दारातून बाहेर गेला, तर लंडनमध्ये बसलेल्या थेरपिस्टला फोन लावायला तेवढं एकच ठिकाण असतं.